स्वयंपाकाला वेळ कोणाचा?



मागच्या वर्षी नववीच्या वर्गाला मी एक निबंध लिहायला दिला होता. विषय नेहमीचाच होता : 'घरचे जेवण'. चाळीस वह्या आल्या आणि जवळजवळ सर्वांनी एकच लिहिले होते. घरचे जेवण ताजे असते, स्वच्छ असते, आरोग्याला चांगले असते. बाहेरचे खाऊ नये. हल्लीच्या धावपळीत लोकांना स्वयंपाकाला वेळ मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. 'खेदाची गोष्ट' हे शब्द तर इतक्या वह्यांत होते की सगळ्यांचे गाइड एकच असावे, अशी मला शंका आली.

मी वह्या गोळा करत होतो तेव्हा एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. पहिला तास संपत आला होता. उशीर का झाला, असे मी विचारले. ती हळूच म्हणाली, "सर, रोट्या करत होते." तिची अम्मी सकाळी सात वाजता कामाला जाते. मग दोन लहान भावांचे डबे आणि अब्बांचे जेवण हिच्याकडे असते. तिने निबंध लिहिला नव्हता. लिहायला तिला वेळच मिळाला नव्हता.

घरी आल्यावर मी त्या चाळीस वह्या पुन्हा वाचल्या. 'अम्मीच्या हाताची चव' असे पुष्कळांनी लिहिले होते. पण त्या चवीसाठी अम्मी किंवा आपा किती वाजता उठते, हे एकाही वहीत नव्हते.

या विषयावर माझे मत थोडे वेगळे आहे, ते आज तुम्हाला सांगतो. घरचे जेवण चांगले, हे मलाही मान्य आहे. धावपळीच्या दिवसातही ते रोज करता येते, असेही मी म्हणतो. पण 'वेळ नाही' हे आपण म्हणतो तेव्हा नेमका कोणाचा वेळ नाही, हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक घरांत स्वयंपाकाला एकाच माणसाचा वेळ धरलेला असतो. त्या एकीचा वेळ संपला की घराचा वेळ संपला, असे आपण समजतो.

बाहेरच्या खाण्याला मी शिव्या देणार नाही. नागपूरचा माणूस तर्री-पोह्यांना नावे ठेवू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका! आणि ज्याला आपण 'बाहेरचे' म्हणतो तेही एके काळी कोणाच्या तरी घरचेच होते. सावजी जेवण घ्या. ते मुळात इथल्या कोष्टी विणकरांच्या घरातले. हातमागाचा धंदा बसला तेव्हा त्यांतील काही कुटुंबांनी खानावळी काढल्या आणि घरचा रस्सा गावाचा झाला. तेव्हा भांडण घर आणि बाजार यांचे नाही. मात्र बाजारात खाणे तयार करणाऱ्याला आपण पैसे देतो आणि त्याच्या कामाचे तास मोजतो. घरातले तास कोणी मोजत नाही.

सरकारने मात्र ते मोजले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली. माणसे आपले चोवीस तास कशात घालवतात, याची ती पाहणी होती. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ निघाल्या, आणि पुरुष २६. जे हे काम करतात, त्यांपैकी स्त्रीचा दिवसाला सरासरी वेळ होता २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाचा होता ९७ मिनिटे.

आता एका साध्या जेवणाचा हिशोब करू. पाच माणसांसाठी वरण, भात, एक भाजी आणि वीस रोट्या. कणीक मळायला दहा मिनिटे. भाजी निवडून, धुऊन, चिरायला पंधरा-वीस मिनिटे. भाजी परतायला आणखी पंधरा. रोट्यांना अर्धा तास, आणि तेव्हा तव्यापासून हलता येत नाही. डाळ-तांदूळ कुकरमध्ये आपोआप शिजतात. एकीनेच सगळे केले तर सव्वा तास सहज जातो. चार जणांनी केले तर भाजी आणि कणीक एकाच वेळी होते, आणि अर्ध्या-पाऊण तासात ताट वाढता येते. गणिताच्या पुस्तकात 'चार मजूर एक काम किती दिवसांत करतील' असली उदाहरणे तुम्ही भराभर सोडवता. तेच उदाहरण घरात मात्र तुम्हाला सुटत नाही!

शिवाय सगळी कामे सकाळीच केली पाहिजेत, असे थोडेच आहे? चणे, राजमा रात्री भिजत घातले तर आपण झोपेत असताना पाणी आपले काम करते. मेथी, पालक रात्री दूरदर्शन पाहता पाहता निवडून फडक्यात गुंडाळून ठेवता येतो. मळलेली कणीक झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली राहते. शिजलेल्या भाताचे मात्र तसे नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात भात उघड्यावर तासन्‌तास राहिला तर त्यात जंतू वाढतात, आणि नुसता पुन्हा गरम केल्याने त्यांचे विष जात नाही. उरलेला भात निवला की लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, किंवा मोजकाच लावावा.

कुकरचे शास्त्र तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. उघड्या पातेल्यात पाणी सुमारे १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो, आणि पाणी १२० अंशांच्या जवळ जाते. म्हणून डाळ लवकर शिजते. पण त्याच डाळीत आधीच टोमॅटो किंवा चिंच घातली तर आंबटपणामुळे ती लवकर मऊ होत नाही. आंबट नंतर घालावे. एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी गॅस वाचतो आणि अम्मीची चिडचिडही वाचते.

भारतात कुकर बनवणारी हॉकिन्स कंपनी १९५९ साली सुरू झाली. त्याआधी जात्याच्या जागी पिठाची गिरणी आली होती. नंतर चुलीच्या धुराच्या जागी गॅस आला, पाट्या-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला. दादीच्या काळापेक्षा आज स्वयंपाक खरोखरच सोपा झाला आहे. सगळी साधने बदलली. त्यांच्यापुढे उभी राहणारी व्यक्ती मात्र बदलली नाही.

विदर्भातल्या बायकांनी वेळ साठवण्याची युक्ती फार पूर्वी शोधून काढली होती. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. आपण त्या उन्हाला कंटाळतो. त्या बायकांनी त्याच उन्हात सांडगे, कुरडया, शेवया, मुगवड्या वाळवल्या आणि डबे भरून ठेवले. पावसाळ्यात भाजी नसली, घरात वेळ नसला, की मूठभर वड्या काढून रस्सा करायचा. आज दुकानात 'झटपट' म्हणून पाकिटे मिळतात, त्यांची आजी म्हणजे हे वाळवण. गच्चीवर कुरडया घालायला सगळे घर लागत असे, मुलेसुद्धा. कावळे हाकलण्याचे काम तर मुलांचेच असे.

आणि रोज मेजवानी कशाला हवी? आपल्या नागपुरात 'आज बेसन केले' म्हणतात, म्हणजे पिठले. (पुस्तकातल्या कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो, तसेच हे.) कांदा चिरण्यापासून ताटापर्यंत त्याला वीस मिनिटे लागतात. बेसनाचे गोळे भातावर शिजवून गोळा-भात होतो, त्याला एकच भांडे पुरते. खिचडीही तशीच. खिचडी आणि खिचडा या शब्दांत फरक फक्त शेवटच्या मात्रेचा आहे, पण चुलीवर तो चार-पाच तासांचा होतो! उलट्या मडक्यावरची लंबी रोटी तर करणाऱ्यांच्याच हातची खावी. ते पातळ पीठ हातांवर झुलवत ताणणे ही कला आहे, तिचा रोजच्या घाईत हट्ट धरू नये. एखाद्या दिवशी अगदीच जमले नाही, बाजारचा पाव आणि घरची डाळ खाल्ली, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पाहुण्यांना चार पदार्थ ठीक आहेत. रोज चार पदार्थ मागणाऱ्याने त्यांतले दोन स्वतः करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे काही मुलगे मनात म्हणतील, "सर, स्वयंपाक हे आमचे काम नाही. आम्हाला येत नाही."

खिचड्यावरून आठवले. मोहरममध्ये मोहल्ल्यात देग चढते तेव्हा तिच्याभोवती कोण असते? गहू, डाळी, गोश्त रात्रभर घोटणारे हात कोणाचे असतात? लग्नात बिर्याणीची देग कोण उतरवतो? सगळे पुरुष. म्हणजे पुरुषांना स्वयंपाक येत नाही, हे खरे नाही. जिथे मजुरी मिळते किंवा वाहवा मिळते, तिथे त्यांना उत्तम येतो. मंगळवारी सकाळी सहा वाजता कोबी चिरायचा असला की मात्र येत नाही.

हजरत आयेशा (रजि.) यांना एकदा विचारण्यात आले की पैगंबर (स.) घरात असताना काय करत. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. तुमच्यापैकी अनेकांना ती ठाऊकही असेल. नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला गेले. त्या आश्रमात भाजी चिरणे, धान्य निवडणे, सफाई करणे ही कामे आश्रमवासी आपसांत वाटून घेत. देशाचे मोठमोठे पुढारी तेथे भेटायला येत, म्हणून भाजी चिरायची कोणी थांबत नसे.

आता थोडे माझ्या घरचे सांगतो. सांगायला जड जाते, पण न सांगता तुम्हाला उपदेश करणे बरे नाही.

माझी मोठी बहीण आठवीत होती तेव्हा अम्मीने घरी शिवणकाम घेतले. अब्बांच्या कमाईत भागत नव्हते. अम्मी रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसे, म्हणून सकाळच्या रोट्या आपाकडे आल्या. आपाला शाळा सोड, असे कोणी म्हटले नाही. ती रोज उशिरा पोहोचू लागली. मग आठवड्यातून एक-दोन दिवस बुडू लागले. वार्षिक परीक्षेनंतर ती गेलीच नाही. तिचे गणित माझ्यापेक्षा चांगले होते. अपूर्णांक मला तिनेच शिकवले, तेही रोट्या लाटता लाटता, अर्धी रोटी आणि पाव रोटी दाखवून. मी तेव्हा सहावीत होतो. मला कोणी कणीक मळायला सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही. गरम रोटी घेऊन मी वेळेवर शाळेत जात राहिलो.

पुढे बी.एड.साठी मी अमरावतीला खोली घेऊन राहिलो. आम्ही तिघे मित्र होतो. खानावळ परवडत नव्हती, म्हणून स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या. पहिला महिना निव्वळ खिचडीवर गेला. हळूहळू रोट्या फुगू लागल्या. दिवसा वर्गपाठ, रात्री पाठांची टाचणे, आणि त्यातच स्वयंपाक. तिघांपैकी कोणीही नापास झाला नाही. एका रात्री कणीक मळता मळता माझ्या लक्षात आले की सहावीतल्या मुलालाही हे वीस मिनिटांचे काम जमले असते. आमच्या घरात तेव्हा वेळ होता. तो माझ्याजवळ होता.

आज माझी पत्नीही नोकरी करते. सकाळच्या रोट्या माझ्याकडे आहेत, भाजी तिच्याकडे. आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. तो लसूण सोलतो, मटार सोलतो आणि त्यातले निम्मे खातो. गेल्या रमजानमध्ये आपा आमच्याकडे आली होती. सहरीला मी रोट्या करत होतो. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "कडा कच्च्या राहतात तुझ्या. तवा तापू दे जरा." आणखी काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

यंदा नववीला मी निबंधाचा विषय बदलला. 'आज सकाळी आमच्या घरी' असे शीर्षक दिले आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहिले. सर्वांत आधी कोण उठले? किती वाजता? तोपर्यंत तुम्ही काय करत होता? वह्या आल्या. या वेळी गाइडचा काही उपयोग झालेला नव्हता. एका मुलाने तिन्ही प्रश्नांना मिळून एकच ओळ लिहिली होती : 'सर, मला माहीत नाही, मी झोपलो होतो, उद्या पाहून सांगतो.'

दुसऱ्या दिवशी त्याने वही पुन्हा मागून घेतली आणि खाली लिहिले : 'अम्मी. पावणेपाच वाजता. मी कांदा चिरला.'