लाइन

इंग्रजीतून मराठीत आलेले पुष्कळ शब्द एखाद्या वस्तूबरोबर आले आणि त्या वस्तूपुरतेच राहिले. परंतु १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या आगगाडीने ज्या शब्दाला जनसामान्यांच्या तोंडी रुळवले, त्या ‘लाइन’ या शब्दाने रुळांची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. ओळ आणि रांग यांच्याप्रमाणे त्याला आपण स्त्रीलिंग दिले, ‘लाइनी’, ‘लाइनीत’ अशी रूपे दिली, आणि परक्या शब्दाला घरात घेण्याचा याहून पक्का दाखला कोणत्याही सनदेत मिळणार नाही.

नवी मुंबईसारख्या नगरीत तर या शब्दावाचून व्यवहार चालणे दुरापास्त. १९९२ साली खाडी ओलांडून हार्बर लाइन वाशीस आली, २००४ साली ठाण्याहून ट्रान्स हार्बर आली आणि जानेवारी २०२४ मध्ये गाडी थेट उरणपर्यंत जाऊ लागली. त्यामुळे येथे माणसाचा पत्ता विचारताना गावाआधी लाइन विचारली जाते. मस्जिद बंदर आणि भायखळा येथून वाशीस हलवलेल्या घाऊक बाजारांत मात्र ‘तुमची लाइन कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर मसाला, धान्य किंवा कांदा-बटाटा असे येते, आणि ‘लाइनीतला माणूस’ म्हणजे ज्याच्या शब्दावर माल उधार सुटतो असा मुरलेला व्यापारी. विदर्भ-मराठवाड्यातून येऊन कामोठे-कळंबोलीत स्थिरावलेल्या घरांत वीज गेली की ‘लाइन गेली’ म्हणतात. पोलीस लाइन म्हणजे शिपायांची वसाहत. बिघडलेला मुलगा लाइनीवर येतो. आणि तरुण मंडळी याच शब्दाला ‘मारणे’ हे क्रियापद जोडून जो अर्थ काढतात, तो मी येथे विशद करण्याचे कारण नाही.

इतके असूनही एका प्रांतात या शब्दाला प्रवेश मिळालेला नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. सरकारी दफ्तरात जी रेषा केवळ कागदावर ओढली जाते, पण जिच्या अलीकडे किंवा पलीकडे असण्यावर माणसाचे हक्क अवलंबून असतात, ती ‘रेषा’च राहिली: दारिद्र्यरेषा, पूररेषा, नियंत्रण रेषा, आणि खाडीकाठच्या बांधकामाचा निवाडा करणारी भरतीरेषा. जमिनीच्या मोजणीत ‘हद्द’ टिकली. आणि शहराच्या पूर्वेस उभ्या असलेल्या पारसिक डोंगराची ‘रांग’ कोणाच्याही तोंडी लाइन झाली नाही.

बाजारातली, विजेची, गाडीची लाइन खुशाल राहो; तिने मराठीचे काही हिरावलेले नाही, उलट धंदा आणि पत हे दोन्ही एका शब्दात बोलण्याची सोय करून दिली आहे. माझी चिंता ‘ओळ’ या शब्दाविषयी आहे. कवितेची ओळ, पत्रातल्या चार ओळी, ओळीने मांडलेली पाने, हे सारे ज्या एका शब्दाने सांगता येते, तो शाळकरी मुलांच्या बोलण्यातून झपाट्याने मागे सरत आहे. आणि एकदा तो गेला की त्याच्याबरोबर लिहिण्यावाचण्याचा एक जिव्हाळाही जाईल, असे मला मनापासून वाटते. म्हणून पालकांना आणि शिक्षकांना विनंती एवढीच, की मुलाच्या पुढ्यात पुस्तक उघडून बोट ठेवाल तेव्हा ‘पुढची लाइन वाच’ म्हणू नका, ‘पुढची ओळ वाच’ म्हणा.