सीटी व्हॅल्यू : वजाबाकी इथे चालत नाही

२०२१ मध्ये करोना चाचणीचा अहवाल मोबाइलवर आला की पहिली नजर जायची ती सीटी व्हॅल्यूकडे. शेजाऱ्याची १८, घरच्याची २९. म्हणजे घरच्याला धोका कमी, असा हिशेब लगेच मांडला जायचा. पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा ३५ वरून २४ वर आणता येईल का, अशी विचारणा महाराष्ट्रानेही आयसीएमआरकडे केली होती. एप्रिल २०२१ मध्ये नकार आला. तसे केल्यास संसर्ग पसरवू शकणारे अनेक रुग्ण निसटतील, असे परिषदेचे म्हणणे.

रोजचा आकडा फुगत असताना आणि खाटा मिळत नसताना असा प्रश्न पडणे समजण्यासारखे होते. पण ३५ मधून २४ गेले, ११ उरले, असे हे गणित नाही.

आरटी-पीसीआर यंत्रात विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती दर फेरीला जवळपास दुप्पट होतात. ठरावीक पातळी गाठायला लागलेल्या फेऱ्या म्हणजे सीटी. मुळात विषाणू कमी, तर फेऱ्या जास्त. त्यामुळे ११ फेऱ्यांचा फरक म्हणजे २ चा ११ वा घात, म्हणजे सुमारे २,०४८ पट. उलट प्रश्नही विचारता येतो. एका नमुन्यात दुसऱ्याच्या हजारपट विषाणू असेल, तर सीटीत फरक किती? त्यासाठी अनेकांनी शाळा-कॉलेजात कायमचे मिटून ठेवलेले लॉगचे कोष्टक उघडावे लागते. १,००० चा लॉग ३, २ चा ०.३०१, भागाकार ९.९७. हजारपट तफावत अहवालावर जेमतेम १० ने दिसते, दहापट तर ३.३ ने.

स्वॅब नीट घेतला गेला नाही आणि त्यात आठवा हिस्साच ऐवज आला, तर सीटी ३ ने वाढते. रुग्णात काहीच बदललेले नसते. पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन दिवसभर स्वॅब घेणाऱ्यांकडून असे अधूनमधून व्हायचेच. किट बदलले तरी आकडा थोडा हलतो.

समजा, नुकतीच लागण झालेल्या एखाद्याची सीटी आज ३० आहे. ती २४ वर यायला विषाणू सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट व्हावा लागेल. दर सहा तासांनी दुप्पट होतो असे धरले, तर त्याला दीड दिवस पुरतो. २४ ची मर्यादा लावली असती, तर हा माणूस ‘निगेटिव्ह’चा कागद घेऊन घरच्यांमध्ये बसला असता.

बरे होत आलेल्याचीही सीटी ३० असू शकते. दोघांतला फरक आकडा सांगत नाही. ताप कोणत्या दिवशी आला, हे विचारावे लागते. शिवाय आजार फुफ्फुसात उतरेपर्यंत नाका-घशातला विषाणू बहुधा ओसरू लागलेला असतो. त्यामुळे सीटी ३० असलेल्याचा ऑक्सिजन ९० च्या खाली असू शकतो. ‘सीटी चांगली आहे’ म्हणून ऑक्सिमीटर न लावता घरी थांबलेले रुग्ण तेव्हा वॉर्डात उशिरा येत होते.