कोबॉटला कामगाराची पाठ कळते, गिरडच्या वेचणीवालीची कोणाला कळणार?

यंत्राशेजारी काम करणाऱ्या माणसाचं अंग किती दुखतं, हे मोजण्याचं शास्त्र आता बरंच पुढे गेलं आहे. माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या यंत्रमानवाला कोबॉट म्हणतात. चाकणच्या बजाज ऑटोने 2010 पासून ते कामाला लावले. 2016 साली आयएसओने माणसाच्या शरीरावरच्या 29 जागा ठरवून, प्रत्येक जागी कोबॉटचा धक्का किती जोराचा चालेल याची मर्यादा आखून दिली. आता कामगाराच्या अंगाला सेन्सर लावून, त्याचा खांदा ताणला की यंत्राने वस्तू खाली आणून धरावी, इथवर संशोधन चाललं आहे.

छानच. पण समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या शिवारात पराटीत वाकलेली बाई या शास्त्रात कुठे आहे? कमरेला वेचलेल्या कापसाचं ओझं, डोक्यावर ऊन आणि मजुरी किलोवर. किलोवर मजुरी म्हणजे पाठ टेकली की पैसा बुडाला. दुखणं बोलून दाखवायची सोयच त्या दरात नाही. मॅकॅटम्नी आणि कॉर्लेट यांनी 1993 मध्ये 'रुला' नावाचा तक्ता दिला. त्यात पाठ 60 अंशांहून जास्त वाकली की पाठीच्या रकान्यात मोठा दोषांक पडतो. एकूण आकडा 7 झाला की काम ताबडतोब बदला, असा त्याचा निकाल. हा तक्ता भरायला कागद, पेन आणि डोळे पुरतात. तेव्हा खर्चाचं कारण कोणी सांगू नये!

हा विसरभोळेपणा नाही. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडलं. जी पाठ वाकण्यासाठीच जन्मली असं धरलं, ती मोजणार कोण? गटाराचंही तेच. 2013 चा बंदीचा कायदा आहे, 2018 पासून मॅनहोल साफ करणारा केरळचा बँडिकूट यंत्रमानव आहे, तरी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई 30 लाख करावी लागली.

आपलेच काही मित्र म्हणतात, यंत्र आलं तर बाईची मजुरी जाईल. भीती खरी आहे, पण म्हणून तिने वाकतच राहायचं? सेवाग्राम याच वर्धा जिल्ह्यात आहे. यंत्राला नाकं मुरडणाऱ्या त्या विचाराचा समाचार बाबासाहेबांनी 1945 च्या ग्रंथात घेतला. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

म्हणजे भांडण मालकीचं आहे. सेन्सरची नोंद मालकाच्या हाती गेली, तर 'ही लवकर थकते' म्हणून उद्या तिचं नाव कापायला तीच कामी येईल. म्हणून कापूस वेचणीच्या यंत्राला अनुदान देण्याआधी कृषी विभागाने वेचणाऱ्या बायांच्या पाठीचा तक्ता भरावा, त्याची प्रत त्यांच्याच हातात द्यावी, आणि यंत्र शेतमालकाच्या नव्हे, मजूर बायांच्या गटाच्या नावावर करावं.