पायावरची गाठ, पोटातला आजार

पावसाळ्यात वसई-विरारमध्ये त्वचेच्या तक्रारी नेहमीच्याच. साचलेल्या पाण्यातून ये-जा आणि लोकलच्या गर्दीत अंगावरच वाळणारे कपडे, त्यामुळे नायटा आणि चिखल्या घरोघरी दिसतात. पायावर गाठ उठली किंवा जखम चिघळली, तर तीही त्यातलीच समजून मेडिकलमधून मलम आणले जाते. पण ज्याला महिनोन्‌महिने जुलाब, शौचातून रक्त आणि पोटदुखी आहे, त्याच्या बाबतीत ही समजूत महागात पडू शकते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य आजार. हा दाह आतड्यापुरताच राहतो असे नाही. सांधे, डोळे आणि त्वचेवरही तो उमटतो. ‘एरिथिमा नोडोसम’मध्ये नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात. पोटाचा आजार उसळला की बहुधा त्या उठतात आणि तो आटोक्यात आला की विरतात. ‘पायोडर्मा गँग्रिनोसम’ तुलनेने दुर्मीळ, पण गंभीर. लहानशा फोडातून जांभळट कडांची, अतिशय दुखरी जखम होते आणि झपाट्याने पसरते. पोट शांत असतानाही ती होऊ शकते. मुळात हा जंतुसंसर्ग नव्हे. त्यामुळे केवळ अँटिबायोटिकने ती भरत नाही आणि कापून, खरवडून साफ केली तर आणखी वाढू शकते. तिला दाह शमवणारे उपचार लागतात.

मात्र निदानाआधीच स्टिरॉइड सुरू करणेही धोक्याचे. आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो. नडगीवरच्या गाठी क्षयरोगातही येतात, आणि कुष्ठरोगातही तशाच लाल, दुखऱ्या गाठी उठतात. क्षयरोग अंगात दडलेला असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले, तर तो उफाळून येतो.

कधी त्वचेचा त्रास औषधांमुळेही होतो. अझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी कडक उन्हापासून त्वचा जपावी. काही बायोलॉजिक इंजेक्शनांनंतर सोरायसिससारखे चट्टे उठतात. तरीही डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये. आजार पुन्हा उसळतो.

खरी अडचण माहितीची तुटलेली साखळी ही आहे. वसई-विरारचा रुग्ण पोटासाठी एका डॉक्टरकडे जातो, त्वचेसाठी दुसऱ्याकडे, आणि मोठ्या तपासणीसाठी लोकलने मुंबईच्या रुग्णालयात. एकाकडचे कागद दुसऱ्याकडे पोहोचत नाहीत. शौचाविषयी बोलायला संकोच वाटतो, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना रक्ताचे कळत नाही आणि पोटाच्या डॉक्टरांना गाठ दिसत नाही.

उपाय साधा आहे. सगळे कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत, गाठ किंवा जखम दिसताच तिचा मोबाइलवर फोटो काढावा आणि दोन्ही तक्रारी दोन्ही डॉक्टरांना सांगाव्यात. डॉक्टरांनीही न भरणारी जखम पाहताना पोटाची विचारपूस करावी. दोन मिनिटांच्या या प्रश्नोत्तरांनी एखाद्याच्या पायावरची अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते.