डिझेलच्या बिघाडाचे खापर इथेनॉलवर नको



इथेनॉलमुळेच थार, स्कॉर्पिओसारख्या डिझेल गाड्या बंद पडतात, हे आपल्या अंकातील मत वस्तुस्थितीला सोडून आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, डिझेलमध्ये नाही. डिझेल गाडीचे खरे शत्रू पाणी आणि गाळ. इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल नळीत डिझेलचा दाब १००० बारहून अधिक जाऊ शकतो. कॅनमधून ओतताना आत गेलेले थोडे पाणीही या दाबावर चालणारे पंप, इंजेक्टर गंजवते. गाडी चढाला ओढेनाशी झाली, तर आधी डिझेल फिल्टर पाहावा. डिझेलमध्ये पाणी असल्याचा इशारा देणारा दिवा लागताच फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढावे.

२० टक्के इथेनॉलने पेट्रोल गाडीचे मायलेज थोडे घटते, एवढेच मान्य. डिझेलच्या बिघाडासाठी इथेनॉल पुरवणारा आमचा उसाचा पट्टा बदनाम करू नये.

– एक वाचक, बेलापूर (ता. श्रीरामपूर)