संध्याकाळी पाच ते सात मैदान मुलींचे : समस्त गावकऱ्यांना जाहीर आवाहन



२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला, तेव्हा आपल्या चौकातही फटाके वाजले. सांगलीची स्मृती, मुंबईची जेमिमा यांची नावे आता बालवाडीतल्या पोरांनाही पाठ आहेत. लगोलग भलामोठा फ्लेक्सही लागला. त्यावर खेळाडूंपेक्षा शुभेच्छुकांचेच चेहरे जास्त होते, पण ते असो. त्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर मात्र संध्याकाळी एकही मुलगी दिसली नाही. टेनिस बॉलचे सामने चालू होते.

म्हणून ही विनंती. यंदा सत्कार आणि फ्लेक्सचा पैसा मैदानाला लावा, आणि रोज संध्याकाळी पाच ते सात हे मैदान मुलींना मोकळे करून द्या.

सातवी-आठवीपर्यंत आपल्या मुली झकास खेळतात. खो-खोत खांबावर सूर मारायला त्या मुलांपेक्षा धीट आहेत. नववीत गेल्या की एकेक गळू लागते. का गळते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पाळी सुरू झालेली असते आणि मैदानाजवळ कडी लागेल असे स्वच्छतागृह नाही. साडेपाचला क्लास असतो. थंडीत सहालाच अंधारते आणि मैदानापासून वस्तीपर्यंत एक दिवा नाही. हाफ पँटवर शेरे मारणारी मंडळी पारावर बसलेलीच असतात. मग घरचे म्हणतात, पुरे आता खेळ. त्यांना तरी किती दोष द्यायचा?

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आठवा. दुष्काळी मुलूख, शेतकऱ्याचे घर. ही मुलगी आधी खो-खो खेळायची, मग लांब पल्ल्याचे धावू लागली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली. पुढे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत धावली. १९८४ मध्ये पी. टी. उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते. त्यानंतर ३२ वर्षांत ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ललिता पहिली भारतीय महिला. त्या शर्यतीत ती दहावी आली. पदक नाही, म्हणून चौकाचौकात तिचे फ्लेक्स लागले नसतील. आमच्या मते ते दहावे स्थान कित्येक पदकांना भारी आहे.

‘खेळून पुढे काय?’ असे पालक विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. ललिता आज महसूल खात्यात अधिकारी आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तरीही प्रत्येक खेळणारीला नोकरी लागेल असे आम्ही सांगणार नाही. ते खोटे होईल. पण खेळ सोडून घरी बसलेल्या मुलीला कोणती नोकरी लागते, तेही विचारून पाहा.

महिला क्रिकेटला तरी सुरुवातीला कोण विचारत होते? १९७३ साली पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ आले तीन. त्या काळच्या खेळाडूंनी आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास केला, मिळेल त्या हॉलमध्ये जमिनीवर झोपून सामने खेळले. पुरुषांइतके सामना मानधन द्यायचे ठरले ते २०२२ साली. म्हणजे तिथवर पोचायला जवळपास ५० वर्षे गेली. क्रिकेटचेच कशाला, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवून. तो तर आपल्या मातीतला खेळ, आणि आपल्या मैदानावर धड चुन्याच्या रेघाही नाहीत.

आता प्रत्येकाकडे थोडे थोडे मागायचे आहे. गणेश मंडळांनी वर्गणीतला काही भाग स्वच्छतागृह आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी काढावा. क्लास घेणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी मुलींची बॅच सकाळी ठेवावी. टेनिस बॉल खेळणाऱ्या दादांनो, सकाळ तुमची, रविवार अख्खा तुमचा. फक्त हे दोन तास सोडा. पारावरच्या काकांनी खुशाल मैदानाच्या कडेला येऊन बसावे, चांगल्या खेळाला टाळी द्यावी. कपड्यांवरची चर्चा तेवढी नको.

आयांना आणि ताईंना एक वेगळी विनंती. सराव चालू असेपर्यंत रोज दोघी-तिघींनी आळीपाळीने मैदानावर थांबावे. २०२३ मध्ये कुस्तीपटू साक्षी मलिकसारख्या ऑलिंपिक पदकविजेतीला लैंगिक छळाच्या तक्रारीची दाद मागायला जंतरमंतरवर बसावे लागले, ही गोष्ट कुठलाच पालक विसरलेला नाही. प्रशिक्षक कितीही ओळखीचा असला तरी मैदानावर घरची बाई हवीच. प्रशिक्षकाने यात अपमान मानू नये.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर जमायचे आहे. दगड वेचायचे, खड्डे बुजवायचे, खो-खोचे दोन खांब पुरायचे. घमेले, फावडे, पहार ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावी. मैदानाच्या वेळेचा आणि दिव्यांचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. त्याला हात वर करायला महिलांनी आवर्जून यावे.

आपले नम्र,
गावातील माजी खेळाडू आणि पालक