शुद्ध दशमीचा चंद्र आणि कुलूपबंद गच्च्या

म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ साली वसविलेले चामराजपेट हा बेंगळुरूचा जुना, आखीव भाग. शहर वाढले, दिवे वाढले आणि येथील गच्चीवरून दिसणारे तारे हळूहळू दिसेनासे झाले. आकाशगंगेचा पट्टा तर आता शोधूनही सापडत नाही. चंद्राला मात्र या झगमगाटाची बाधा होत नाही. म्हणूनच शहरातील हौशी आकाशनिरीक्षकाने दुर्बिणीतून छायाचित्रे टिपण्याचा श्रीगणेशा चंद्रापासून करावा आणि त्यासाठी गावाबाहेर न जाता घराची गच्चीच वापरावी, हे श्रेयस्कर.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याला १०० किलोमीटर उंचीवरून पाव मीटर इतका बारीक तपशील टिपता येतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीची मजल सुमारे दीड किलोमीटरच्या तपशिलापाशी थांबते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेले ‘विक्रम’ पृथ्वीवरील कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही. मग हा खटाटोप कशासाठी? एकाच विवरातील सावली लागोपाठ तीन रात्री टिपणाऱ्या मुलाला, चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो, हे घोकावे लागत नाही. सूर्य तेथे किती संथपणे वर चढतो, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. तयार चित्रांच्या राशीतून हे ज्ञान असे सहजी हाती लागत नाही.

शिवाय बेंगळुरूला निसर्गाची एक देणगी आहे. हे शहर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने चंद्र कितीही दक्षिणेकडे सरकला तरी मध्यमंडलावर येताना क्षितिजापासून निदान ४७ अंश वर असतो. लंडनमध्ये तोच चंद्र कधीकधी जेमतेम १० अंश वर येतो. चंद्र जितका उंच, तितका वातावरणाचा थर पातळ आणि चित्र स्थिर.

तिथीची निवडही महत्त्वाची. कोजागरीला घरोघरी चंद्रदर्शन होते. परंतु पौर्णिमेला सूर्यप्रकाश समोरून पडत असल्याने सावल्या नाहीशा होतात आणि डोंगर-विवरे सपाट भासतात. विवरे पाहावीत ती शुद्ध अष्टमी ते एकादशीच्या दरम्यान, उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर. शुद्ध दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटर व्यासाच्या कोपर्निकस विवरावर सकाळचे ऊन पडू लागते आणि त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती उठून दिसतात. पावसाळी ढग सरल्यावर, मार्गशीर्ष ते फाल्गुन या महिन्यांतील दशमी त्यासाठी उत्तम.

साधनांचा बाऊ करण्याचे कारण नाही. मोबाइल फोनचा कॅमेरा नेत्रिकेपाशी स्थिर धरला तरी आरंभ होतो. कॅमेरा थेट दुर्बिणीला जोडल्यास चंद्राची प्रतिमा दुर्बिणीच्या नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढी उमटते. म्हणजे १२०० मिलिमीटर अंतराच्या दुर्बिणीत सुमारे ११ मिलिमीटर. दुर्बीण तासभर आधी गच्चीवर ठेवावी, म्हणजे ती बाहेरच्या हवेइतकी थंड होते. मग एका चित्रावर विसंबून न राहता चलच्चित्रण करावे आणि त्यातील नेमक्या, स्पष्ट चौकटी निवडून संगणकावर एकत्र कराव्यात. शंभर चौकटी एकत्र केल्यास चित्रातील दाणेदार कण एकदशांशावर येतात. आवर्ती ठेवीत दरमहा थोडी थोडी रक्कम साठत जावी, तसाच हा प्रकार. २०२१ च्या मे महिन्यात पुण्यातील सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पन्नास हजारांहून अधिक चित्रे एकत्र करून चंद्राचे एक सुस्पष्ट छायाचित्र सिद्ध केले, ते याच मार्गाने.

उणीव आहे ती निराळ्याच गोष्टीची. हौसेने आणलेल्या अनेक दुर्बिणी एकदोन पौर्णिमांनंतर माळ्यावर जातात आणि बहुमजली इमारतींतील गच्च्या सुरक्षिततेच्या नावाखाली कुलूपबंद राहतात. कुलुपामागची काळजी खोटी नव्हे. कठडा नसलेल्या गच्चीवर रात्री मुलांना सोडणे योग्य नाहीच. तथापि त्यावर उपाय आहे. गृहसंस्थांनी शुद्ध पक्षातील एक संध्याकाळ ठरवून, एका जबाबदार सभासदाच्या देखरेखीखाली गच्ची उघडावी आणि वर्गणीतून एक सामायिक दुर्बीण घ्यावी. मार्गदर्शनासाठी बेंगळुरूत जवाहरलाल नेहरू तारांगण आहे, पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे.

चंद्रावर यान उतरविणाऱ्या संस्थेचे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या शहरातील मुलांना चंद्राकडे पाहण्यासाठी गच्चीची किल्ली मागत फिरावे लागू नये, एवढी व्यवस्था तर प्रत्येक इमारतीला करता येण्याजोगी आहे.